गच्चीचा कोबा आणि राहून गेलेला कागद

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीच्या दुरुस्त्यांचा इतिहास' लिहायला सांगितलं, कारण पहिली नऊ वर्षं खजिनदार मी होतो आणि जुन्या फायली अजून माझ्याच माळ्यावर आहेत. (सौ.ची त्याबद्दलची तक्रारही पंचवीस वर्षं जुनी आहे.) फायली चाळताना लक्षात आलं, की आपल्याकडे सगळ्यात जास्त गाजलेलं भांडण पार्किंगचं नाही, पाण्याचंही नाही. आपल्यातल्याच सभासदाने पैसे घेऊन सोसायटीचं काम करावं की नाही, यावरून ते झालं.

हा प्रश्न तसा गृहनिर्माण सहकाराच्या मुळातच आहे. १९०४ च्या कायद्याखाली फक्त पतसंस्था काढता येत. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे त्यामागचं मोठं नाव. कल्पना साधी होती: मालकही आपण आणि भाडेकरूही आपणच. मग गवंडी, प्लंबर, वायरमनही आपल्यातलाच असला तर बिघडलं कुठे? महाराष्ट्राचा १९६० चा कायदा, त्याखालचे नियम आणि उपविधी यांचा रोख एवढाच आहे, की समितीवर बसलेल्या माणसाचा संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध नसावा. साध्या सभासदाला रीतसर काम द्यायला आडकाठी नाही. २००३ साली आम्ही हे वाचलं होतं का? उपविधींचं पुस्तक कपाटात होतं, एवढंच सांगतो.

त्या वर्षी मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत गेल्या पावसाळ्याचे डाग तसेच होते. बिल्डरने फोन उचलणं बंद केलं होतं. बाहेरच्या कंत्राटदाराने गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याचे साठ हजार सांगितले, तेही तोंडी. आपल्या बी विंगमध्ये एक सभासद वॉटरप्रूफिंगचीच कामं घ्यायचे. त्यांचं नाव लिहू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, पण जुन्या मंडळींना ते कोण हे कळेल. त्यांनी ३८,४०० रुपयांत करून देतो म्हटलं. बत्तीस घरं, घरटी बाराशे. ते समितीवर होते. सेक्रेटरी आणि मी जिन्यात उभ्या उभ्या 'हो' म्हणून टाकलं. ठराव नाही, दुसरं दरपत्रक नाही. ते स्वतः म्हणाले होते, "साहेब, कागद करून घेऊ या का?" मी म्हणालो, "पाऊस तोंडावर आलाय, कागदाचं मी बघतो."

काम चोख झालं. पाणी साठवून चाचणी घेतली, थेंब गळला नाही. ऑगस्टच्या सभेत मात्र लेखापरीक्षकाचा शेरा वाचला गेला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "समितीत बसायचं आणि कामंही आपणच घ्यायची, बरं आहे!" मग आणखी दोघे-तिघे बोलले. ते गृहस्थ उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि जागेवरच राजीनामा दिला.

मी बोललो नाही. बँकेत असताना एक सही नसली तरी कर्जाची फाईल परत पाठवणारा माणूस मी. अधिकाऱ्याने आपल्या नातेवाइकाचं कर्ज स्वतः मंजूर करायचं नसतं, हे शाखेतल्या नव्या पोरांना शिकवणाराही मीच. चूक कागदाची होती आणि कागद माझा होता. इतिवृत्तात एवढंच लिहिलंय: 'सदर विषयावर चर्चा होऊन राजीनामा स्वीकारण्यात आला.' अक्षर माझं आहे.

त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं 'नमस्कार'पुरतं. २६ जुलै २००५ ला तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा छातीभर पाण्यात उतरून पंपाची मोटर काढायला तेच पुढे होते. चार दिवसांनी मोटर वाळवून, बसवून त्यांनी बिल पाठवलं. ६५० रुपये, सामानाची यादी, मजुरी वेगळी. खाली रेव्हेन्यू स्टँप आणि त्यावर सही. पाच हजारांपर्यंतच्या पावतीला तेव्हा तिकीट लागतही नव्हतं. ते तिकीट का लावलं होतं, ते मला कळलं.

काही जण म्हणाले, सभासदाने पैसे कसले घ्यायचे, सेवा म्हणून करावं. मला हे कधीच पटलं नाही. फुकटात बसवलेला नळ गळायला लागला तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? शिवाय ज्याच्या हातात कसब आहे त्याने सेवा करायची आणि आम्ही पेन्शनवाल्यांनी फक्त सह्या करायच्या, हा कुठला न्याय? २००६ च्या सभेत ठराव झाला: सभासदाला काम देता येईल, पण तो समितीवर नसावा. तीन दरपत्रकं सर्वांसमक्ष उघडावीत, मोजमाप दुसऱ्याने घ्यावं आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. मसुदा मी केला. त्यातली दहा टक्क्यांची अट त्यांनी सुचवली होती, हे त्या सभेत कोणाला ठाऊक नव्हतं.

मग मीटर रूमचं वायरिंग, जिन्याचे ग्रील, टाक्यांची सफाई अशी कितीतरी कामं आपल्याच लोकांनी केली. एकाच्या पाइपचा सांधा पहिल्याच पावसात सुटला. दहा टक्के आमच्याकडे असल्यामुळे तो मुकाट्याने पुन्हा करून गेला, भांडण झालं नाही. आता आदर्श उपविधींनुसार आपल्याएवढ्या, म्हणजे २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत, समितीला दुरुस्तीवर एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच स्वतःच्या अधिकारात खर्च करता येतो. त्यापुढे सर्वसाधारण सभा. नव्या समितीने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

ते गृहस्थ २०१९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत मी सभेत उभं राहून सांगायला हवं होतं ते इथे लिहितो. २००३ चं काम त्यांनी मागितलं नव्हतं, आम्ही त्यांच्या गळ्यात घातलं. दर बाहेरच्यापेक्षा २१,६०० रुपयांनी कमी होता. कागद त्यांनी मागितला होता, तो करायचा राहिला माझ्याकडून. नव्या समितीने या लेखाची एक प्रत २००३ च्या इतिवृत्ताच्या वहीला जोडावी, अशी विनंती मी सेक्रेटरींना लेखी दिली आहे.

गच्चीचा तो कोबा आपण २०१८ मध्ये काढला, तोही सोलर पॅनलच्या पायासाठी. फोडायला आलेल्या मजुरांना दोन दिवस जास्त लागले.