स्मार्ट चष्म्यातला कॅमेरा: दृष्टिबाधितांसाठी आधार, पण समोरच्याच्या प्रायव्हसीचं काय?

येणाऱ्या बसचा नंबर काय, हातात आलेली नोट ५०० ची की २०० ची, औषधाच्या पाकिटावरची तारीख उलटून गेली आहे का? डोळस माणूस या प्रश्नांची उत्तरं विचारही न करता मिळवतो. दृष्टिबाधित व्यक्तीला त्यासाठी दिवसातून कितीतरी वेळा दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं.

कॅमेरा असलेला स्मार्ट चष्मा ही उत्तरं थेट कानात सांगतो. पण त्यासाठी त्याला समोरचं सगळं टिपावं लागतं. त्या 'सगळ्या'त आजूबाजूची माणसंही येतात आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

म्हणूनच या चष्म्यांवरून जगभर वाद सुरू आहे. हे तंत्रज्ञान नेमकं कसं चालतं, आक्षेप कशावर आहे, भारतातला कायदा काय म्हणतो आणि यातून मधला मार्ग निघू शकतो का, हे समजून घेऊया.

## चष्मा काम कसा करतो?

दिसायला हा नेहमीच्या चष्म्यासारखाच असतो. फ्रेमच्या कोपऱ्यात छोटा कॅमेरा, काड्यांमध्ये स्पीकर आणि मायक्रोफोन. तो ब्लूटूथने मोबाइलला जोडलेला असतो. 'समोर काय आहे?' किंवा 'हे वाचून दाखव' असं म्हटलं, की कॅमेरा फोटो घेतो, तो एआयकडे जातो आणि उत्तर आवाजात मिळतं.

सध्या सर्वाधिक चर्चेत असलेला चष्मा म्हणजे मेटा आणि रे-बॅनचा. त्याची पहिली आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली, १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. भारतात तो मे २०२५ मध्ये विक्रीला आला. सुरुवातीची किंमत होती २९,९०० रुपये.

एआयवर विसंबायचं नसेल तर माणसाची मदत घेण्याची सोयही आहे. डेन्मार्कमधले हान्स योर्गन विबर्ग हे फर्निचर बनवणारे कारागीर. त्यांची स्वतःची दृष्टी कमी आहे. त्यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये 'बी माय आईज' हे ॲप सुरू झालं. दृष्टिबाधित व्यक्ती व्हिडिओ कॉल करते, जगात कुठेतरी बसलेला स्वयंसेवक तो उचलतो आणि कॅमेऱ्यातून दिसेल ते सांगतो. नोव्हेंबर २०२४ पासून काही देशांमध्ये हा कॉल थेट मेटाच्या चष्म्यातून लावता येऊ लागला.

## फोन असताना चष्मा कशाला?

हा प्रश्न अनेकांना पडतो. 'बी माय आईज' किंवा मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' ही ॲप्स मोबाइलवर चालतातच. मग डोळ्यांवर कॅमेरा हवा कशाला?

याचं साधं उत्तर म्हणजे हात. एका हातात पांढरी काठी असते, दुसऱ्या हातात पिशवी किंवा लोकलच्या डब्यातला दांडा. तिसरा हात नसतो. गर्दीत फोन पुढे धरून चालणं म्हणजे तो हिसकावला जाण्याची किंवा पडण्याची भीती. शिवाय न दिसणाऱ्या वस्तूवर कॅमेऱ्याचा नेम धरणं अवघडच. चष्म्यात मान वळेल तिकडे कॅमेरा वळतो.

दुसरं कारण आहे किंमत. खास दृष्टिबाधितांसाठीची उपकरणं आधीपासून होती. इस्रायलचं 'ऑरकॅम मायआय' चष्म्याच्या काडीला लावता येतं. नेदरलँड्समधल्या 'एनव्हिजन' कंपनीने गुगल ग्लासवर आधारित चष्मा बनवला. बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजने 'स्मार्ट व्हिजन ग्लासेस' आणले. पण परदेशातल्या अशा उपकरणांची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. सर्वांसाठी बनलेला चष्मा लाखोंच्या संख्येने विकला जातो, म्हणून तो तुलनेने स्वस्त पडतो.

वादाची गोमही इथेच आहे. चष्मा स्वस्त झाला, कारण तो सर्वांसाठी आहे. आणि तो सर्वांसाठी असल्यामुळेच तो कोण कशासाठी वापरतंय, हे समोरच्याला कळत नाही.

## आक्षेप नेमका कशावर आहे?

कॅमेऱ्याच्या चष्म्यांविषयीची अस्वस्थता जुनी आहे. गुगलने २०१३ मध्ये १,५०० डॉलरचा 'गुगल ग्लास' मोजक्या लोकांना दिला, तेव्हा अमेरिकेतल्या काही बार आणि रेस्टॉरंटनी तो घालून येणाऱ्यांना प्रवेश नाकारला. जानेवारी २०१५ मध्ये गुगलने त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबवली.

आजचे आक्षेप साधारण तीन प्रकारचे आहेत.

पहिला, न सांगता चित्रण. कुणी फोन समोर धरला की आपण सावध होतो. चष्म्याच्या बाबतीत ही सूचनाच मिळत नाही. यावर उपाय म्हणून मेटाच्या चष्म्यात चित्रण सुरू असताना एक छोटा एलईडी दिवा लागतो. पण २०२१ मध्येच आयर्लंड आणि इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणांनी हा दिवा लोकांच्या लक्षात येतो का, असा सवाल कंपनीला केला होता. पुढच्या आवृत्तीत दिवा मोठा झाला आणि तो झाकला तर चित्रण होणार नाही, अशी सोय आली. तरीही दिवा निकामी करून देणारे लोक असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या.

दुसरा, चेहऱ्यावरून ओळख. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रयोग दाखवला. चष्म्यातून येणारं चित्रण त्यांनी चेहरे शोधणाऱ्या सर्च इंजिनला आणि एआयला जोडलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव आणि पत्ता यांसारखी माहिती थोड्याच वेळात समोर आली. ही सोय चष्म्यात मुळात नव्हती. बाजारात मिळणारी साधनं एकमेकांना जोडून काय होऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. दुरुपयोग होऊ नये म्हणून त्यांनी कोड जाहीर केला नाही.

तिसरा, डेटा जातो कुठे? एआयला विचारलेल्या प्रश्नासोबतचा फोटो बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. एप्रिल २०२५ मध्ये मेटाने धोरण बदललं. चष्म्याला दिलेल्या आवाजी सूचनांचं रेकॉर्डिंग साठवू नका, असं सांगण्याचा पर्याय काढून टाकला गेला. वापरकर्ता ते नंतर स्वतः डिलीट करू शकतो, एवढाच मार्ग उरला.

## दृष्टिबाधितांच्या प्रायव्हसीचं काय?

'दृष्टिबाधितांची सोय विरुद्ध इतरांची प्रायव्हसी' अशी मांडणी नेहमी होते. पण ती अपुरी आहे, कारण प्रायव्हसीची गरज दृष्टिबाधितांनाही आहे. किंबहुना त्यांना ती आधीपासूनच कमी मिळते.

बँकेचं पत्र, वैद्यकीय तपासणीचा रिपोर्ट, एखादं खासगी पत्र. हे सगळं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत असेल, तर खासगी काय राहिलं? रिपोर्ट आधी शेजाऱ्याला कळणार, मग आपल्याला. चष्म्याने तो वाचून दाखवला, तर घरात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे ती व्यक्ती स्वतः ठरवू शकते.

पण इथेही एक पेच आहे. तोच रिपोर्ट आता एका कंपनीच्या सर्व्हरवर जातो. दृष्टिबाधितांनी मदतीसाठी काढलेल्या फोटोंचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना त्यांत औषधांच्या बाटल्या, कार्डं, कागदपत्रं, चेहरे असा बराच खासगी तपशील सापडला होता. त्यातला काही चुकून आलेला होता. फ्रेममध्ये नेमकं काय आलंय, हे फोटो काढणाऱ्यालाच दिसत नसतं.

चित्रण चालू असल्याचं सांगणाऱ्या दिव्याचंही तसंच. समोर उभी असलेली व्यक्ती स्वतः दृष्टिबाधित असेल, तर तिला तो दिवा दिसणारच नाही. म्हणजे प्रायव्हसीसाठी केलेला उपायही डोळसांना गृहीत धरूनच केलेला आहे.

## चेहरा सांगावा की सांगू नये?

वादाचा सर्वांत नाजूक मुद्दा हा आहे. खोलीत कोण आलं, ओळखीचं आहे का, समोरचा हसतोय की कंटाळलाय? डोळस व्यक्तीला ही माहिती आपोआप मिळते. ती दृष्टिबाधितांनाही मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

२०२३ मध्ये 'बी माय आईज'ने ओपनएआयच्या मदतीने फोटोचं वर्णन करणारी सेवा चाचणीसाठी आणली. काही वापरकर्त्यांना सुरुवातीला माणसांच्या चेहऱ्यांचं वर्णन मिळत होतं. नंतर ते बंद झालं आणि प्रायव्हसीसाठी चेहरे झाकले आहेत, असं उत्तर येऊ लागलं. दृष्टिबाधित वापरकर्त्यांमध्ये नाराजी उमटली. कुणाचं नाव सोडाच, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भावही आपल्याला का कळू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता.

मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. जून २०२२ मध्ये कंपनीने चेहऱ्यावरून वय, लिंग आणि भावना ओळखण्याची सुविधा इतर ग्राहकांसाठी बंद करायचं जाहीर केलं. 'सीइंग एआय'सारख्या दृष्टिबाधितांसाठीच्या ॲपमध्ये मात्र ती नियंत्रित स्वरूपात ठेवली जाईल, असं सांगितलं. 'सीइंग एआय'मध्ये वापरकर्ता आपल्या माणसांचे फोटो काढून त्यांची नावं स्वतः भरतो. ॲप अशाच लोकांना ओळखतं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव शोधत नाही.

'माझी माणसं ओळख' आणि 'कुणालाही ओळख' या दोन गोष्टींमधला फरक इथे महत्त्वाचा आहे.

## लोकांना खरंच आक्षेप आहे का?

डोक्यावर घालायच्या अशा उपकरणांबाबत अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांची मतं जाणून घेतली. वापरणारी व्यक्ती दिव्यांग आहे आणि उपकरण तिच्या मदतीसाठी आहे, हे कळल्यावर लोकांचा विरोध कमी होतो, असं त्यांना आढळलं.

ऐकायला हे दिलासादायक वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा, की लोकांनी समजून घ्यावं यासाठी दृष्टिबाधित व्यक्तीला आपलं अपंगत्व दर वेळी जाहीर करावं लागेल. अंशतः दिसणारे अनेक जण काठी वापरत नाहीत. त्यांनी प्रत्येक दुकानात सर्टिफिकेट दाखवायचं का? साध्या चष्म्यासारखा दिसणारा चष्मा त्यांना हवासा वाटतो, तो वेगळं उठून दिसायचं नसतं म्हणूनच.

## भारतातला कायदा काय म्हणतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख आणि महाराष्ट्रात सुमारे ५.७ लाख लोकांना दृष्टिदोषामुळे आलेलं अपंगत्व आहे. त्यांच्या आणि इतरांच्या हक्कांबाबत कायद्याची स्थिती अशी आहे:

- प्रायव्हसी: पुट्टास्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.
- सुगम्यता: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. ई-केवायसीमधल्या अडचणींवरच्या त्या प्रकरणात दृष्टिबाधित वकील अमर जैन हेही एक याचिकाकर्ते होते.
- डेटा: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.
- गुन्हे: एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. संमतीशिवाय कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू होतं.

म्हणजे दोन्ही बाजूंना घटनेचाच आधार आहे. डेटा कायद्यात एक पळवाटही आहे. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला, तर हा कायदा तिला लागू होत नाही. त्यामुळे बसचा नंबर वाचणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीला संरक्षण मिळतं, ही चांगली बाजू. पण केवळ हौस म्हणून लोकांना टिपत फिरणाराही तोच बचाव पुढे करू शकतो.

## मग मार्ग काय?

सरसकट बंदी हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. पण तिचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. डोळस व्यक्ती चष्मा काढून ठेवेल आणि तिचं फारसं काही अडणार नाही. दृष्टिबाधित व्यक्तीचं मात्र वाचणंच थांबेल. परीक्षा केंद्र किंवा न्यायालयासारख्या ठिकाणी बंदी आवश्यक असू शकते. अशा वेळी वाचून दाखवणारा मदतनीस किंवा दुसरं साधन पुरवणं ही संस्थेची जबाबदारी ठरते. दिव्यांगांच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याचं तत्त्व २०१६ च्या कायद्यातच आहे.

दुसरा उपाय तंत्रज्ञानातच आहे. नोट किंवा पाटी वाचण्यासाठी फोटो दरवेळी इंटरनेटवर पाठवण्याची गरज नसते. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप हे त्याचं घरचंच उदाहरण. जानेवारी २०२० मध्ये आलेलं हे ॲप फोनच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून आवाजात सांगतं आणि एकदा डाउनलोड केलं की इंटरनेटशिवाय चालतं. चष्म्यांमध्येही जमेल तितकं काम उपकरणातच व्हावं, मागितल्याशिवाय फोटो साठवला जाऊ नये आणि अनोळखी चेहरे सर्व्हरवर जाण्याआधीच पुसले जावेत, अशी सक्ती करता येऊ शकते. चित्रणाची खूण दिव्यासोबत आवाजातूनही मिळावी.

अर्थात, याला मर्यादा आहेत. गुंतागुंतीच्या दृश्याचं वर्णन करणारे मोठे एआय मॉडेल अजून सर्व्हरवरच चांगले चालतात आणि स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल करायचा तर चित्र बाहेर जाणारच.

तोपर्यंत असा चष्मा घातलेली व्यक्ती समोर आली, तर काय करायचं? 'रेकॉर्डिंग सुरू आहे का?' असं सरळ विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि चित्रण नको असेल तर तसं सांगण्याचाही. पण कुणाच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढण्याचा हक्क कुणालाच नाही. तो चष्मा हौसेचा आहे की गरजेचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. आणि आपला चेहरा कुठल्या सर्व्हरवर किती काळ राहतो, याचा जाब विचारायचा असेल, तर तो रस्त्यावरच्या दृष्टिबाधित व्यक्तीला नव्हे, चष्मा बनवणाऱ्या कंपनीला विचारायला हवा.