शेल्मेत्सबान्या ते चिखला : एका सुरुंगाचा मागोवा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात मँगनीज दोन तऱ्हांनी काढतात. चिखल्याला जमिनीच्या पोटात उतरून आणि डोंगरी बुजुर्गला उघड्या खाणीत. दोन्हीकडे काम पुढे सरकते ते सुरुंगाने. ड्रिलने भोक पाडायचे, आतली भुकटी खरवडून काढायची, मग स्फोटकाची कांडी आत सरकवायची. ती लाकडी दांड्यानेच. लोखंडी सळईला तिथे सक्त मनाई, कारण एक ठिणगी पुरते. भोकाच्या तोंडाशी वाळू-मातीचा घट्ट बूच बसवला की भोंगा होतो आणि माणसे आडोशाला जातात. वात लावून उडवलेले सुरुंग असतील तर आवाज मोजायचे. भरलेल्या भोकांपेक्षा एक आवाज जरी कमी आला, तरी ठरवून दिलेला वेळ जाईपर्यंत तिकडे कोणी फिरकायचे नाही. हे काम कोणाही धाडसी गड्याचे नव्हे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या ब्लास्टरचे आहे.

या कामात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत : दगड फोडणारी दारू आणि ती हाताळायला शिकवणारी शाळा. दोन्हींचा माग काढत गेले की वाट एकाच गावात पोचते. ते गाव म्हणजे जुन्या हंगेरीतले शेल्मेत्सबान्या. आज ते स्लोव्हाकियात आहे आणि बान्स्का श्टियाव्निट्सा या नावाने नकाशावर सापडते.

शेल्मेत्सबान्या हे सोन्या-चांदीच्या खाणींचे गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खडक फोडला जाई तो छिन्नी-हातोड्याने, नाहीतर खडकाला आच देऊन. लाकडे रचून जाळायची, दगड तापून तडकला की पहारीने पाडायचा. ८ फेब्रुवारी १६२७ रोजी कास्पार वाइंडल या टिरोलहून आलेल्या खाणकामगाराने तिथल्या खाणीत बंदुकीच्या दारूने खडक उडवून दाखवला. खाणीत दारू वापरल्याची युरोपातली ही सर्वांत जुनी पक्की नोंद मानली जाते. काम झपाट्याने वाढले आणि खाणी खोल गेल्या. खोल गेल्या तसे पाणी भरू लागले, आणि खोलवर नेमके कुठे खणायचे हे वरून डोळ्यांनी ठरवता येईना. नुसत्या हिमतीवर भागण्याचे दिवस तिथेच संपले.

त्या वळणावर शामुएल मिकोविनी हा माणूस उभा आहे. मिकोविनी हंगेरीतला अभियंता, नकाशाकार आणि गणिती. जर्मनीत शिकून आला होता. मात्याश बेल या विद्वानाने हंगेरीच्या परगण्यांचे जे मोठे वर्णन लिहायला घेतले, त्यासाठी नकाशे मिकोविनीने काढले आणि त्यात खगोलीय निरीक्षणांचा व भूमितीचा आधार घेतला. १७३५ मध्ये शेल्मेत्सबान्यात खाणकामाची शाळा निघाली आणि ती त्याच्या हाती आली. त्याचा आग्रह सरळ होता. मुलाने आधी भूमिती आणि मोजणी शिकावी, मग खाणीत उतरून तीच मोजणी अंधारात करून दाखवावी. पुस्तक एकीकडे आणि खाण दुसरीकडे, ही फारकत त्याने ठेवली नाही.

स्वतः तो तसाच जगला. शेल्मेत्सबान्याच्या आसपास मोठी नदी नाही. पंप चालवायला पाणी हवे, म्हणून डोंगरउतारावर तलाव बांधून पावसाचे नि बर्फाचे पाणी साठवायचे आणि कालव्यांनी खाणीवरच्या यंत्रांपर्यंत आणायचे, ही योजना त्याने वाढवली. खाणीतले पाणी बाहेर काढायला बाहेरचेच पाणी कामाला लावायचे. त्या व्यवस्थेतले कित्येक तलाव आजही भरतात. १९९३ मध्ये गाव आणि परिसराची नोंद जागतिक वारसा यादीत झाली, त्यात हे तलावही आले. तलावांच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे परके वाटू नये. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर भंडाऱ्याचे धान पिढ्यान्‌पिढ्या पिकले आहे. उतार वाचून पाणी अडवण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. मिकोविनीचा मृत्यूही पाण्याच्याच कामात झाला. वाग नदीच्या पुराला आवर घालण्याच्या कामावर असताना तो आजारी पडला आणि मार्च १७५० मध्ये गेला. त्याच्याच शाळेत शिकलेल्या योझेफ हेलने पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे बांधून खोल खाणी कोरड्या केल्या.

शाळा मात्र वाढत गेली. १७६२-६३ मध्ये मारिया थेरेसाच्या कारकिर्दीत तिची अकादमी झाली. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत आपल्या हाताने रसायने हाताळायची, ही तिथली पद्धत इतकी गाजली की पॅरिसमध्ये १७९४ मध्ये नवी अभियांत्रिकी शाळा काढताना फ्रेंचांनी तिचा दाखला दिला. तिथल्याच डेलियस या प्राध्यापकाचे खाणकामावरचे पाठ्यपुस्तक १७७३ मध्ये निघाले आणि पुढे फ्रेंचमध्येही गेले. फ्रायबर्ग, पॅरिस, असे करत खाणशिक्षण युरोपभर पसरले. १८५१ मध्ये लंडनला सरकारी खाणशाळा निघाली. तीच पुढची रॉयल स्कूल ऑफ माइन्स.

त्या लंडनच्या शाळेतून शिकलेला एक तरुण १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला : लुईस ली फर्मर. तेव्हा नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने इथे पाय रोवले होते. जगाला पोलाद हवे होते आणि मँगनीजवाचून पोलाद होत नाही. ते लोखंडातला गंधक आणि प्राणवायू आवरते, पोलादाला चिवटपणा देते. १९०५ मध्ये रशियात उठाव झाले, तिकडचा माल अडला, आणि मध्य प्रांतातल्या काळ्या दगडाला एकदम भाव आला. फर्मरने हा पट्टा पायाखाली घातला. भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये सर्वेक्षणाने छापला. इथल्या मँगनीजयुक्त गार्नेटच्या खडकाला त्याने गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिले, ते आजही जगभरच्या पुस्तकांत चालते.

पण त्या ग्रंथाने जे ज्ञान नोंदवले, त्याखाली शेकडो हातांची मेहनत होती. डोंगरावरचा दगड फोडणारे, टोपल्या वाहणारे, हातोडीने खनिजाचे तुकडे करून चांगले-वाईट निवडणारे स्त्री-पुरुष याच भागातले आणि शेजारच्या छत्तीसगढमधले. चांगला तुकडा हातात घेताच वजनावरून ओळखणारी नजर आणि तळहात कोणत्याही शाळेत तयार झाले नव्हते. तुमसर रोडहून गोबरवाही, डोंगरी बुजुर्गवरून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच दगडासाठी टाकला गेला. मँगनीज बाहेर गेले, पोलाद परदेशात झाले. खणणाऱ्यांना खाणशास्त्र शिकवावे असे मात्र त्या काळी फारसे कोणाच्या मनात आले नाही.

राष्ट्रीय सभेच्या मनात ते आले होते. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनात तिने भारतात सरकारी खाण महाविद्यालय काढण्याची मागणी केली. ती पुरी व्हायला पाव शतक लागले. ९ डिसेंबर १९२६ रोजी धनबादला इंडियन स्कूल ऑफ माइन्स उघडले, लंडनच्याच शाळेचा नमुना समोर ठेवून. शेल्मेत्सबान्याची परंपरा अशा रीतीने इथे पोचली, पण तिच्यातला मुख्य धडा उशिरा पोचला : जो खणतो त्यालाही शिकवा.

तो धडा जाणणारे लोक आपल्या परिसरात होऊन गेले. विल्यम डिक्सन वेस्ट यांनी १९३० च्या दशकात रामटेकजवळच्या देवलापारचा खडक वाचून दाखवला. तिथे थरांची एक अजस्र चादर दुसऱ्या थरांवर सरकून बसली आहे, हे त्यांनी मांडले. १९४५ ते १९५१ ते सर्वेक्षणाचे प्रमुख होते. नंतर मायदेशी स्थिरावण्याऐवजी त्यांनी सागर विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायला घेतले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पिढ्या मध्य भारतातल्या खडकांवर काम करत गेल्या.

१९६२ मध्ये केंद्र सरकार आणि मध्य प्रदेश-महाराष्ट्र ही राज्ये जुन्या ब्रिटिश कंपनीशी भागीदार होऊन मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडने घरोघरच्या टॉर्चचे सेल चालवले, आणि तिथेच विजेच्या प्रक्रियेने शुद्ध डायऑक्साइड काढणारा कारखाना उभा राहिला. १९६६ च्या नियमांनी खाणीत येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला प्रशिक्षण सक्तीचे केले. २०१९ मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या जागांवर दिवसपाळीत काम करण्याची वाट मोकळी झाली. ज्या आज्या-पणज्यांनी वर उन्हात दगड निवडला, त्यांच्या नातींना आता खाली उतरून निर्णय घेता येतील.

म्हणूनच मला मिकोविनीची गोष्ट तुमसरच्या मुलांना सांगावीशी वाटते. तुमसर तालुक्यातला काळा दगड शंभर कोटी वर्षांच्या घरातला किंवा त्याहूनही जुना आहे, आणि तो कधीतरी संपेल. दगड संपला तरी जी मुले भूमिती, रसायन आणि उताराचे गणित आपल्याच जमिनीवर शिकली, त्यांचे शिक्षण संपणार नाही. गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्गच्या शाळांतल्या विज्ञानाच्या तासाला हा दगड बाकावर यावा, ब्लास्टरने येऊन लाकडी दांडा का वापरतो ते समजावून सांगावे, आणि कोहळ्यांचा तलाव मोजायला वर्ग बाहेर निघावा. शंभराहून अधिक वर्षे या तालुक्याने जगाच्या भट्ट्यांना मँगनीज पुरवले. आता खाणशास्त्र जाणणारी माणसेही त्याने आपल्याच मुलामुलींतून घडवावीत.