शीग आणि सपाट

धान्य तोलत नाहीत, मोजतात, ही आमच्या सातारा भागातल्या बायकांची जुनी समजूत. तोलायचं ते सोनं, गूळ, हळद, तूप, मिरी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी या सगळ्यांना माप. माझ्या आजीच्या फडताळात तराजू नव्हता, पण मापांची पूर्ण चवड होती, आणि ती आज माझ्याकडे आहे. लहान मापं पितळेची आहेत, मोठी लोखंडी पत्र्याची. पायलीच्या काठाला जाड तार घालून पत्रा बाहेरच्या अंगाला वळवलेला आहे, म्हणजे काठ चेमटत नाही आणि हाताला कापतही नाही. बाहेरून तपासनिसाचा शिक्का ठोकलेला आहे. तो इतका झिजलाय की अंगठा फिरवल्यावर डोळ्यांपेक्षा आधी बोटालाच कळतो.

या मापांचं गणित मला लहानपणापासून फार आवडतं. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. त्यापुढे घराबाहेरचा हिशेब सुरू होतो: सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. घरातली सातही मापं एकमेकांच्या दुप्पट. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे पाठ करावं लागत नसे, कारण भांडंच तिला सांगे. पाहुणे आले, माणसं दुप्पट झाली, की पुढचं माप उचलायचं. निम्मी माणसं गावाला गेली की मागचं. एका पायलीत चौसष्ट निळवी बसतात हे आजी कधी मोजून बोलली नसती, पण तिचा हात त्या हिशेबात कधी अडखळला नाही. शाळेत पोरं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकत असत. घरातल्या मुली तोच अभ्यास धान्याच्या कणगीपाशी करत.

गोंधळ होता तो शेराचा. मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा. वजनाच्या शेराला ऐंशी तोळे, म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. तसे चाळीस शेर म्हणजे मण, ३७ किलोंहून थोडा अधिक. पण हा सरकारी मण झाला. मुंबईच्या बाजारात चालणारा जुना मण २८ पौंडांचा होता, आणि सरकारी मण ८२ पौंडांच्याही वर. एकच नाव, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट! तालुका ओलांडला की शेर बदलतो हे व्यापाऱ्याला माहीत असे. गिऱ्हाइकाला ते पुष्कळदा घरी आल्यावर कळे.

कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला, आणि चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा. या एका गोष्टीनं स्वयंपाकघराला फार मोठी सोय झाली. कनवटीचा रुपया हेच वजन झालं. ऐंशी रुपये म्हणजे शेर, वीस रुपये म्हणजे पावशेर, दहा रुपये म्हणजे नवटाक. पापडाचा खार, हिंग, मिरी हे जिन्नस आमच्याकडे ‘रुपयाभार’ असंच मोजत, आणि त्यासाठी देवघरातला चांदीचा रुपया खाली येई. काम झालं की धुऊन, पुसून पुन्हा देवापाशी. खाराच्या बाबतीत हात सैल सोडून चालत नाही. थोडा जास्त पडला तर पापड लाल होतो आणि जिभेला झोंबतो, कमी पडला तर फुलत नाही. म्हणून मापाच्या घरात एवढ्यापुरतं तरी वजन शिरलं होतं.

माप कितीही सरकारी शिक्क्याचं असलं तरी ते भरायचं कसं, हा खरा प्रश्न. पायली ओतून भरली तर दाणे मोकळे बसतात. बाजूनं दोन थापा मारल्या, हलवली, की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. काठावरून हात फिरवून जास्तीचे दाणे पाडले की माप सपाट. न पाडता दाण्यांचं टोक वर येऊ दिलं की शीग. रुंद तोंडाच्या मापाची शीग मोठी, अरुंद तोंडाची लहान. ओली ज्वारी फुगलेली असते, ती मापाला कमी बसते. वाळली की जास्त. माहेराहून आलेलं धान्य आजी सासरच्या मापानं पुन्हा मोजून ठेवत असे. त्यात कुणावर अविश्वास नसायचा. दोन गावांची मापं दोन तऱ्हांची असायची, एवढंच.

खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि मग दोन, तीन. माप ओतेपर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं, म्हणजे विसर पडत नाही. याच खळ्यावरून सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी आपापलं बलुतं घेऊन जात. मोठ्या माणसांकडून या सगळ्याचं कौतुक ऐकत मी वाढले. पण माप कुणाच्या हातात होतं, हे त्या कौतुकात कधी येत नसे. वर्षभर राबलेल्याच्या पदरात सपाट पडायचं की शीग, हे देणाऱ्यानं ठरवायचं. सावकाराच्या दारात तर ते उघडच होतं. धान्य वाढीदिढीनं द्यायचं, म्हणजे पेरणीला एक पायली नेली तर सुगीला दीड परत करायची. त्यात देताना सपाट आणि घेताना शीग असली तर दिढीचं काय होतं, ते कागदावर कुठेच येत नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि कर्जाचे कागद जाळले गेले. त्या दंग्यांचा इतिहास कर्जरोख्यांवरून लिहिला जातो. शिगेचा रोखा कुणी लिहून ठेवला नव्हता, पण त्या रागात तोही असणार, असं मला ठाम वाटतं.

घरात बाईच्या हाती मात्र आणखी एक माप होतं आणि त्यावर कुणाचा शिक्का नव्हता. मूठ. माणशी इतक्या मुठी तांदूळ, भाकरीला इतक्या मुठी पीठ. दोन्ही तळवे जोडले की ओंजळ, एक तळवा पसरला की पसा. सुवासिनीची ओटी आजही ओंजळीनंच भरतात, तिथं किलो कुणी आणत नाही. या मुठीनं आमच्या जिल्ह्यात शाळा उभ्या केल्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, जेवणार, तर धान्य आणायचं कुठून? त्यासाठी मुष्टिफंड होता. जात्यावर बसण्याआधी बाईनं एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं आणि ते साठलं की संस्थेनं न्यायचं. दळणातून मूठभर कमी झाल्यानं घरात कुणी उपाशी राहत नाही, पण गावातल्या सगळ्या मुठी एकत्र आल्या की पोती भरतात. पैशाची वर्गणी घरातल्या पुरुषाला विचारून द्यावी लागली असती. मूठ विचारून द्यावी लागत नव्हती. मुष्टिफंडाबद्दल बोलताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी, असं माझं मत आहे.

मग मेट्रिक आलं. आधी पैसे: १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाला, आणि १ एप्रिल १९६२ नंतर बाजारात शेर आणि पायली बेकायदा ठरली. आई सांगायची, वाण्याच्या दुकानात भिंतीवर शेराचे किलो करून दाखवणारा तक्ता लागला होता आणि बायका तो पोरांकडून वाचून घ्यायच्या. ‘किलोत काय येतं?’ हा त्या वर्षांतला रोजचा प्रश्न. शेरापेक्षा किलो थोडा मोठा, म्हणून भाव वाढल्यासारखा वाटे. पण या बदलामागचं कारण मला पटतं. शीग-सपाटाचा खेळ किलोनं संपवला. गरिबाच्या पिशवीत जे पडतं ते काट्यावर दिसू लागलं. जुन्या मापांची मला माया आहे, तरी बाजारात ती परत यावीत असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

सरकारनं दुकान बदललं, घर मात्र बदललं नाही. किलोनं आणलेली डाळ घरी डब्यात गेली की पुन्हा चिपट्यानं बाहेर येई. सत्यनारायणाच्या प्रसादाचा सव्वा शेर रवा सव्वा किलो झाला, पण सव्वा हटला नाही. कापडाचंही तसंच. मीटर आले तरी लुगडं नऊवारीच राहिलं. आमची आजी तर वारही मानत नव्हती, ती हातानं मोजायची. बारा बोटांची वीत, दोन वितींचा हात, दोन हातांचा वार. नातवंडाच्या कुंचीचं कापड तिनं कधी टेपनं मोजलं नाही. बाळाच्या डोक्याभोवती वीत फिरवायची, चार बोटं सोडायची आणि कात्री लावायची.

छापील पाककृतींनी मात्र बराच काळ वजनाची वाट धरली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं, म्हणजे सुप्याचा दंगा झाला त्याच वर्षाचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. पुस्तक वाचणारी बाई शिकलेली, शहरातली, हिशेब लिहून ठेवणारी. तिला तोळे-शेर सांगणं हे त्या काळी शास्त्रशुद्धपणाचं लक्षण होतं. मेट्रिकनंतर याच न्यायानं पुढची पुस्तकं ग्रॅममध्ये जायला हवी होती. पण १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि तिनं वाटी आणि चमचा हातात घेतला. सांगलीकडच्या या बाईंनी मराठी घरात सगळीकडे असलेलं भांडंच माप म्हणून मानलं. कायद्यानं मापं हद्दपार केल्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि माप पुस्तकाच्या वाटेनं घरात परत आलं. ‘रुचिरा’चं यश तिच्या पदार्थांत आहेच, पण नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला तराजू विकत घ्यायला न लावता स्वयंपाक शिकवणं, हे मी त्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम समजते.

वाटीचं हे शास्त्र जवळून पाहायचं असेल तर उन्हाळ्यात कुरडयांच्या घरी जावं. गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर ठेवून द्यायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून टाकलं की खाली पांढरा, दाट, जड चीक उरतो. आता माप. ज्या भांड्यानं चीक मोजला त्याच भांड्यानं तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं. मीठ पाण्यात, हिंगाची चिमूट पाण्यात. उकळी फुटली की एकीनं चीक धारेनं ओतायचा आणि दुसरीनं लाटण्यानं घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. चीक पारदर्शक होऊन पातेल्याची कड सोडू लागला की झाकण ठेवून वाफ आणायची, आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. या सगळ्यात गहू किती किलो होते याला काहीच महत्त्व नाही. गहू जुना की नवा, जाड की बारीक, त्यानुसार चीक कमीजास्त निघणारच. किलोवर पाणी ठरवलं तर कुरडई फसेल. निघालेल्या चिकाला पाणी किती, एवढंच खरं, आणि ते भांडंच सांगू शकतं.

आमच्या घरातली चवड आता धान्याला लागत नाही. मापट्याला एक काम उरलंय. सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं तेच ठेवतो, आणि ती उजव्या पायानं लवंडून आत येते. काही घरी हल्ली कलश ठेवतात. मापटं ठेवणारी घरं कमी होत चालली आहेत.

माझी पुतणी न्यू जर्सीत राहते. तिच्या ओट्यावर ग्रॅमचा छोटा काटा आहे, केक करताना ती अंडंसुद्धा तोलते. भात मात्र वाटीनंच लावते. मागच्या चैत्रात तिनं फोनवर विचारलं, ‘काकू, कुरडईला वाटी कुठली घेऊ, इथला कप चालेल का?’ मी म्हटलं, कप चालेल, पेला चालेल, लोटी चालेल, पण ज्यानं चीक मोजशील त्यानंच पाणी मोज, आणि दोन्ही वेळा सपाट. मग तिनं पापडांचं विचारलं. त्याचं उत्तर वेगळं होतं. पीठ हवं तर कपानं घे, पण खार काट्यावर ठेव, तोळ्याला पावणेबारा ग्रॅमच्या हिशेबानं.