मुके साधन बोलते तेव्हा

इतिहासाची साधने म्हटली की कागद, शिलालेख, नाणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. यंत्राच्या इतिहासाला तेवढ्यावर भागत नाही.

इटलीतील फियाट कारखान्याने १९१०-११ च्या सुमारास वेगाच्या विक्रमासाठी ‘एस ७६’ ही मोटार बांधली. सिलिंडर अवघे चार. पण एकेक सात लिटरांचा! १९१३ मध्ये बेल्जियममधील ऑस्टेंडला आर्थर द्युरे याने ती ताशी २१० किलोमीटरांपलीकडे नेली. परतीची धाव वेळेत पुरी झाली नाही, म्हणून विक्रम नोंदला गेला नाही.

अशा गाड्या दोनच होत्या. पुढे एकीचा सांगाडा आणि दुसरीचे इंजिन एवढेच उरले. ब्रिटनमधील डंकन पिटअवे यांनी दोन्ही एकत्र आणून बाकीचे बरेचसे नव्याने घडविले. मग प्रश्न आला इंजिन सुरू करण्याचा. शंभर वर्षांचे ओतकाम तडकले, तर एकमेव पुरावाच नष्ट होणार! अशी वस्तू काचेआड ठेवावी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांचे भय खोटे नाही. तरी आम्ही पिटअवे यांच्या बाजूचे. आराखड्यावरून मापे कळतात, आवाज कळत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो पुन्हा ऐकू आला. उघड्या धुराड्यांतून ज्वाळाही बाहेर पडल्या.