नामविश्व : प्रोग्रामातील नावांचा पत्ता

टेंभुर्णी नावाचे एक गाव जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात आहे, तर दुसरे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात. जाफराबाद हे नावही गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात, समुद्रकिनारी, पुन्हा आढळते. पाकिटावर तालुका, जिल्हा लिहायचा तो यासाठीच. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत हाही याच गोंधळावरील उपाय होता. संगणकाच्या प्रोग्रामात हे काम ‘नेमस्पेस’ अर्थात नामविश्व करते.

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये सारा कारभार लहान लहान फंक्शनांवर चालतो. साहजिकच नावे भरमसाट होतात आणि सोपी नावे प्रत्येकालाच हवी असतात. रिच हिकी यांनी २००७ मध्ये जाहीर केलेली, लिस्पच्या कुळातील क्लोजर ही भाषा याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात नामविश्वाचे नाव टिंबांनी जोडलेले असते व ते फाइलच्या फोल्डरांशी जुळावे लागते. जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, तसेच.

नवशिक्यांचा घोटाळा होतो तो दोन वेगळ्या क्रिया एकच मानल्यामुळे. लायब्ररी लोड करणे म्हणजे तिची फाइल वाचून फंक्शने तयार करणे. ‘रिक्वायर’ एवढेच करते, आणि तेही एकदाच; पुन्हा सांगितले तरी फाइल दुसऱ्यांदा वाचली जात नाही. तिच्यातील नावे पत्त्याशिवाय वापरण्याची मुभा देते ते ‘रेफर’. ‘यूज’ दोन्ही उरकते, आणि सरसकट सगळी नावे घरात घेते.

यात धोका कोणता? ‘रिव्हर्स’ हे फंक्शन क्लोजरच्या गाभ्यात आहे आणि मजकुराच्या ‘स्ट्रिंग’ लायब्ररीतही. ‘सरस’ हा शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो. पण गाभ्यातील रिव्हर्स त्याची तीन सुट्या अक्षरांची यादी परत देते. यादी आणि शब्द समान नसल्याने तपासणीचे उत्तर ‘नाही’ असे येते. स्ट्रिंगमधील रिव्हर्स शब्दच देते व उत्तर ‘होय’ येते. मात्र स्ट्रिंग ‘यूज’ने आणली, तर केवळ एक इशारा छापून गाभ्यातील नाव बाजूला सारले जाते आणि त्याच फाइलमध्ये यादी उलटी करणारी ओळ बंद पडते. दोन परक्या लायब्रऱ्यांची नावे भिडली, तर मात्र भाषा सरळ चूक दाखवून थांबते. हे एका परीने बरेच. पण लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत एखादे नाव वाढले, की आपल्या फाइलला हात न लावताही ही वेळ येऊ शकते.

म्हणून जाणकार ‘रिक्वायर’सोबत ‘अ‍ॅज’ लिहून लायब्ररीला छोटे टोपणनाव देतात आणि प्रत्येक फंक्शनामागे ते लावतात. नेमकी दोनचार नावे हवी असतील तर २०१२ च्या १.४ आवृत्तीपासून ‘रिक्वायर’मध्येच ‘रेफर’ लिहून ती मागता येतात. त्यानंतर ‘यूज’ची फारशी गरज उरली नाही. हॅस्केलमध्ये ‘क्वालिफाइड’ आयात हेच साधते.

टोपणनावाचा आणखी एक लाभ आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि तोवर औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या जाफराबादचा पत्ता बदलला. प्रत्येकाला तो आपापल्या वहीत दुरुस्त करावा लागला. लायब्ररीचे मूळ नाव बदलले, तर टोपणनाव वापरणाऱ्याला प्रत्येक फाइलच्या माथ्यावरील एकच ओळ बदलावी लागते.