दारावरची वर्तुळं

आज जरा मागं जायचंय, सव्वाशे वर्षं मागं, आणि तेही मुंबईला, गिरगावात. आपल्यातल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस तिथल्या चाळीत राहिलेला आहे, म्हणून गिरगाव आपल्याला काही परकं नाही.

आमच्या गटातल्या एकीची आत्या गिरगावात राहते. २०२० च्या मे महिन्यात तिला ताप आला. चाळीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन नव्वदच्या खाली. तरी आत्याचं एकच, "दवाखान्यात नेऊ नका. मी इथंच मरते." शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारी अडाणी आहे, अफवांवर विश्वास ठेवते. पण आमच्या मैत्रिणीला माहीत होतं. १९७६ साली, आणीबाणीत, आत्या बाळंतपणाला एका इस्पितळात गेली होती. कळा चालू असताना कुणीतरी कागदावर तिचा अंगठा उमटवून घेतला. पुढं टाके काढताना नर्सच्या बोलण्यातून तिला कळलं की आपली नसबंदी झाली आहे. आणखी मूल हवं की नको, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं ती इस्पितळाची पायरी चढली नव्हती.

ही भीती एकट्या आत्याची नाही. त्याच मुंबईत ती फार जुनी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्तांचा हुकूम निघाला : रोगी सापडला की जबरदस्तीनं इस्पितळात हलवायचा आणि घर धुऊन काढायचं. रोग्यांना आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. तिथं गेलेली पुष्कळ माणसं परत येत नसत, कारण प्लेगवर खरं औषध तेव्हा नव्हतंच. लोकांना दिसत होतं ते एवढंच की, नेतात आणि मग प्रेत येतं. मग बोलवा उठल्या, की इस्पितळात माणसं उलटी टांगतात आणि त्यांच्या अंगातून 'मोमियाई' काढतात. आपण आज हसू. पण दाराआड काय चाललंय हे कुणी सांगत नसेल, तर माणूस ती जागा भीतीनंच भरणार ना? २९ ऑक्टोबरला हजाराच्या आसपास गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर हुकूम जरा सैल झाला. सैल करण्यामागं आणखी एक कारण होतं : सफाई कामगार घाबरून पळाले तर शहराचं काय होईल, ही साहेबाची धास्ती.

सैलपणा टिकला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकरच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. माणसं घरोघर फिरून आजारी कोण आहे ते शोधू लागली. कौलं उतरवली, कपडे-गोधड्या जाळल्या, भिंतींवर चुना मारला. रोगी सापडलेल्या घराच्या दारावर वर्तुळ काढत. जितके रोगी, तितकी वर्तुळं. काही घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' लिहीत, म्हणजे हे घर माणसानं राहण्याजोगं नाही. ज्या बाईनं ते घर रोज शेणानं सारवलं, तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. पण त्यांचा अर्थ तिला बरोबर कळत होता.

बायकांचं दुःख आणखी वेगळं. प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. म्हणजे तपासायचं तर परक्या पुरुषापुढं अंग उघडं करायचं. पुण्यात रँडच्या कारभारात यावरून केवढा संताप झाला, ते आपण शाळेत चापेकर बंधूंच्या धड्यात वाचलंय. पण त्या धड्यात बायका गप्पच असतात. एक बाई गप्प बसली नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभारावर वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकारला ते आवडलं नाही.

गिरगावाहून चालत जाण्याच्या अंतरावर मदनपुरा आहे. ९ मार्च १८९८ ला तिथल्या एका मुसलमान विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला न्यायला माणसं आली. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दंगल पेटली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्यानंतर मात्र सरकारनं पुन्हा नमतं घेतलं.

शहराची वस्ती तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे लोक गाव गाठायला निघून गेले. मागं राहिलेल्यांची प्रेतं गिरगावाशेजारच्या सोनापुरात जळत.

मग फरक कशानं पडला? आम्हाला वाटतं, सगळ्यात जास्त फरक पडला तो लहान लहान गोष्टींनी. निरनिराळ्या जातींनी आणि समाजांनी आपापली प्लेग इस्पितळं काढली. तिथं रोग्याजवळ घरचं माणूस बसू शके, आपल्या पद्धतीचं जेवण मिळे, बोलायला आपली भाषा असे. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नेमू लागले. गिरगावाच्या जवळच कामा इस्पितळ १८८६ पासून उभं होतं, तिथं बायकांना बायकाच तपासत. म्हणजे हे अशक्य नव्हतं, फक्त कुणाच्या मनात आलं नव्हतं. जातीजातीची वेगळी इस्पितळं आज आपल्याला रुचणार नाहीत, आणि रुचूही नयेत. पण भेदरलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा लागतो, एवढं खरं.

१९१८ साली इन्फ्लुएन्झा आला, तेव्हा मुंबईला प्लेगची आठवण ताजी होती. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं मेली. पण या वेळी घरं फोडत हिंडणारी पथकं नव्हती. स्वयंसेवक औषध आणि दूध घेऊन चाळीचाळींत गेले. रोग्याला ओढून नेण्यापेक्षा त्याच्या दारी गेले.

आता २०२० मध्ये या. सरकारनं मार्चमध्ये जो कायदा काढला, तो तोच, १८९७ चा. आणि मुंबईतले पहिले कोरोनाचे रोगी ज्या कस्तुरबा इस्पितळात ठेवले, तेच पूर्वीचं आर्थर रोडचं इस्पितळ. चाळीच्या दारावर या वेळी वर्तुळ नव्हतं, कागद चिकटवला होता.

आमची मैत्रीण गावाला अडकलेली, तिनं आत्याला फोन लावला. "चल" म्हणाली नाही. विचारलं, "आत्या, तुला नेमकं कशाची भीती वाटते?" आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काय लिहिलंय ते सांगत नाहीत. आणि दार लावून घेतात." मग दोघींनी फोनवर ठरवलं : फोन आत्याच्या हातात राहील, जो कागद पुढं येईल तो मोठ्यानं वाचून मागायचा, आणि कळल्याशिवाय काही द्यायचं नाही. चाळीतल्या पोरांनी चार्जर पिशवीत घातला. दुपारी रुग्णवाहिका आली.

भरती करून घेणारी नर्स पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. छातीवर मार्करनं मराठीत तिचं नाव लिहिलेलं. आत्यानं ते वाचलं आणि तिला नावानं हाक मारली. नर्सनं कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, फोनवर आमची मैत्रीण ऐकत होती. मग नर्सनं सवयीनं शाईची डबी पुढं केली.

आत्यानं डबी बाजूला सारली आणि पेन मागितलं. सही करायला ती १९७७ सालीच शिकली होती.