एका घराचे प्यादे

बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या नवशिक्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच : डावाची सुरुवात कशी करावी? प्यादे कोणते सरकवावे, घोडा आधी काढावा की उंट? आमच्या कोल्हापुरात पाचवी-सहावीतली मुलेही आता इटालियन, सिसिलियन, लंडन ही नावे पाढ्यांसारखी घडाघडा म्हणतात. दहा-बारा खेळ्या तोंडपाठ असतात. पण समोरच्याने पुस्तकाबाहेरची एक खेळी केली, की प्रश्नपत्रिकेत प्रश्न फिरवून विचारल्यावर व्हावे तसे त्यांचे तोंड होते. एक मास्तर म्हणून मला वाटते, की हा मामला पाठांतराचा नसून समजुतीचा आहे. आणि समजूत हवी असेल तर आपल्याच खेळाच्या इतिहासात जरा डोकावावे.

आपल्या पणजोबांच्या देशी बुद्धिबळात प्यादे बहुधा एकच घर पुढे जाई. पहिल्या खेळीला दोन घरे टाकण्याची आजची मुभा सर्रास नव्हती. किल्लेकोटही नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. याचा परिणाम मोठा मौजेचा होता. दोन्ही सैन्ये सावकाश निघत आणि त्यांची गाठ पडायला वेळ लागे. काही ठिकाणी तर आरंभीच्या ठरावीक खेळ्या एकदम करून घ्यायची चाल होती. म्हणजे सुरुवात ही लढाई नव्हतीच, ती घराची मांडणी होती. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवावे, मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवावा, राजाभोवती कुंपण करावे आणि मग शत्रूकडे पाहावे. आज ज्याला ‘सिस्टिम’ म्हणतात, ती याहून फार निराळी नाही.

ही घरगुती मांडणी जगाने पाहिली ती कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन नावाचे एक बॅरिस्टर तेथे वकिली करीत. ते त्या काळच्या इंग्रज खेळाडूंत नावाजलेले होते. 1848 च्या सुमारास त्यांची गाठ बंगालमधील एका खेड्यातल्या महेशचंद्र बॅनर्जींशी पडली आणि पुढे दोघांत शेकडो डाव झाले. कॉक्रेन बहुतेक डाव जिंकले, हे खरे. पण महेशचंद्रांची बचावाची रीत मात्र टिकून राहिली. मधली घरे शत्रूला घेऊ द्यायची आणि कोपऱ्यातल्या उंटाने दुरून त्यांवर मारा ठेवायचा! 1855 च्या एका डावात त्यांनी जी मांडणी केली, तीच 1922 साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रूनफेल्ड यांनी पुढे आणली आणि ती त्यांच्या नावाने चालू झाली. तिच्या भावंडांना मात्र ‘इंडियन’ हेच नाव चिकटले.

दुसरे उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खान यांचे. देशी नियमांत वाढलेला हा माणूस 1929 साली विलायतेत गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. 1932 आणि 1933 सालीही त्याने ते जिंकले. युरोपी सुरुवातींचे ज्ञान हेच त्याचे दुबळे अंग होते. तरीही हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. त्या डावाची पाचवी खेळी पाहण्याजोगी आहे : वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे, एकच घर! शत्रूच्या उंटाने येऊन आपला घोडा जखडू नये, एवढाच साधा हेतू. गंमत अशी, की काळ्या बाजूने कापाब्लांका जो बचाव खेळत होता त्याचे नाव ‘क्वीन्स इंडियन’. आणि त्या बचावाविरुद्ध हेच एका घराचे प्यादे सरकवण्याची पद्धत पुढे पेट्रोशियन या जगज्जेत्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. सुलतान खानला ग्रँडमास्टर हा मानाचा किताब मिळाला तो 2024 साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

मग नवशिक्याने देशी मांडणीच धरावी काय? तसे मी म्हणत नाही. नियम बदलले, प्यादे दोन घरे धावू लागले, तेव्हा आरंभापासूनच चकमक आली. 1955 साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्यान् पिढ्या मुले घडविली. भाग्यश्री साठे-ठिपसे तेथल्याच. नव्या रीतीशी आपल्या माणसांनी असा उत्तम मेळ घातला.

उत्तराची दिशा आणखी एका जुन्या पुस्तकात सापडते. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. युरोपी रीतीला जुळवून घेतलेल्या या पुस्तकात भर आहे तो डावातल्या अवघड स्थितींवर, शिकणाऱ्याची तयारी व्हावी म्हणून. पुढे 1921 साली कापाब्लांकानेही आपल्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ साध्या मातींनी केला. मोहऱ्यांचे बळ आधी, सुरुवातीची नावे मागाहून, असाच दोघांचा क्रम!

कोल्हापूरकराला हे निराळे सांगायला नको. तालमीत पोराला कोणी पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवीत नाही; आधी जोर-बैठका, मग डाव. तसेच इथे. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट, मग किल्लेकोट, ही इटालियन वाट नवशिक्याला चांगली. कारण तिच्यातल्या प्रत्येक खेळीचे कारण लहान मुलालाही सांगता येते. सावकाश स्वभावाच्या मुलाने उंट बाहेर काढून मागे प्याद्यांची भिंत बांधणारी लंडन पद्धत घ्यावी. हे नाव तिला 1922 च्या लंडन स्पर्धेवरून पडले. ज्याला दुरून मारा आवडतो त्याने खुशाल महेशचंद्रांचा उंट कोपऱ्यात बसवावा. कोणतीही एकच घ्यावी आणि वर्षभर सोडू नये.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट बाजूला सारून घरोघर पट मांडले जातील. तेव्हा मुलाने पहिले प्यादे हलवले, की वडीलधाऱ्यांनी त्याला खेळीचे नाव विचारू नये. ‘हे का हलवलेस रे?’ एवढेच विचारावे. याचे उत्तर ज्याला देता आले, त्याची सुरुवात बरोबर झाली असे समजावे.